तीन मिनिटांची घंटी

माझा आवाज जाऊन चौदा महिने झाले. ज्याच्या हातात काल-परवाच तो रिपोर्ट पडला असेल, आणि ज्याने त्याची घडी खिशात घालून बायकोला "काही नाही, साधी सूज आहे" असं सांगितलं असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. मीही तेच सांगितलं होतं. तिने खिशातून कागद काढून वाचला.

मी शमुवेल गायकवाड, राहणार इंदिरानगर, नाशिक. धंदा जुन्या मशिनरीचा. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लेथ, प्रेस, ड्रिल उचलायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. सातपूरला एका वर्कशॉपात झाडू मारत सुरुवात केली, आज अंबडला स्वतःचं गोदाम आहे. या धंद्यात माझं भांडवल दोनच गोष्टींचं: डोळा आणि गळा. डोळ्याने मशीन ओळखायचं आणि समोरचा थकेपर्यंत बोलत राहायचं. मी कधी थकलो नाही. चिडायचो मात्र रोज.

दुर्बीण

दिवाळीनंतर आवाज बसला. गोदामातल्या धुळीने बसला असेल म्हणून ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. महिन्याभराने फोनवर एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "शेठला द्या."

"मीच बोलतोय."

"मस्करी नका करू हो. शेठला द्या."

मी फोन आपटला. 

सुनंदा, माझी बायको, हात धरून दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. नाकातून बारीक दुर्बीण घातली, स्क्रीनकडे बघितलं आणि बोलता बोलता गप्प झाल्या. सौद्यात समोरचा कधी गप्प होतो ते मला चांगलं कळतं. त्याचा आकडा मनात पक्का झालेला असतो तेव्हा.

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने कागद आला. गाठ कॅन्सरची होती, स्वरयंत्रावर, आणि कूर्चेत शिरली होती. नुसत्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, भागणार नव्हतं. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि त्यात कदाचित अख्खं स्वरयंत्र जाणार होतं. मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा.

"मॅडम, अर्धं ठेवा," मी म्हणालो.

"काका, हे असं ठरवता..."

"अर्धं नाही तर पाव. घोगरं चालेल. मला काय गाणं म्हणायचंय?"

"काका, हे जुनं मशीन नाही. आत गेल्यावर जेवढं चांगलं दिसेल तेवढं ठेवीन. तुम्ही दोन्हीसाठी सही करून द्या."

दोन्हीसाठी सही मागणाऱ्याचं एक आधीच ठरलेलं असतं. मी स्वतः कित्येकांकडून तशी सही घेतली आहे. तरी मी केली, आणि 'पाव तरी राहील' असं मनात धरून बसलो.

खाली येऊन पार्किंगवाल्याशी दहा रुपयांवरून भांडलो. बसक्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. तो बिचारा पैसे परत करायला निघाला.

"झालं ओरडून?" सुनंदा म्हणाली. "बसा आता. मी चालवते गाडी."

मंडळ

आता माझं जुनं दुखणं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नाशिकमध्ये आम्ही ख्रिस्ती लोक तसे थोडे, त्यातही चुली तीन. आम्ही मराठी प्रोटेस्टंट. कॅथलिकांमध्ये काही वसई-गोव्याकडचे, काही हरसूल-पेठकडचे आदिवासी. आणि केरळहून नोकरीसाठी येऊन इथेच राहिलेले ऑर्थोडॉक्स. लग्नात, मयतीत भेट व्हायची, एरवी नाही. या तिन्हींकडच्या पुरुषांना एकत्र बसवलं ते मी. तिघा धर्मगुरूंच्या दारात चपला झिजवल्या त्या मी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता, आळीपाळीने एकेका चर्चच्या हॉलमध्ये पुरुष मंडळ भरायचं. आमच्याकडे पोहे, कॅथलिकांकडे पाव-ऑम्लेट, ऑर्थोडॉक्सांकडे अप्पम आणि रस्सा.

नाश्त्याआधी खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रार्थनेची पाळी खुर्चीखुर्चीने फिरायची. कॅथलिक ठरलेली प्रार्थना म्हणत. ऑर्थोडॉक्स उभे राहून पाठ असलेली म्हणत. आम्ही प्रोटेस्टंट स्वतःच्या मनाने, सुचेल तशी.

मला पुष्कळ सुचायचं. आजारी माणसांपासून सुरुवात करून मी महापालिकेच्या पाण्यापर्यंत यायचो. पोहे गार व्हायचे, हे कबूल.

एका शनिवारी वर्गीस सरांनी पिशवीतून पितळेची, मुठीत मावेल एवढी घंटी काढून टेबलावर ठेवली. वर्गीस ऑर्थोडॉक्स, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी त्यांच्या शिस्तीमुळे सगळे त्यांना सरच म्हणतात. ते म्हणाले, "प्रत्येकाला तीन मिनिटं. मग घंटी. कुणाकुणाला मान्य?"

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. माझ्याखेरीज चौदा जण होते. चौदा हात वर गेले. त्यात लूकस गावितचाही. लूकस कॅथलिक, मूळचा हरसूलचा, वीज मंडळात लाइनमन, मंडळातला माझा सगळ्यात जवळचा माणूस.

"लूकस, तूसुद्धा?"

"भाऊ, मला आठला खांबावर चढायचं असतं," तो म्हणाला. "उपाशीपोटी कसा चढू?"

लोक हसले. मी खुर्ची मागे लोटून उठलो. "मी उभ्या केलेल्या मंडळात माझ्यावर घंटी?" एवढं बोलून निघालो तो दोन वर्षं फिरकलो नाही. वर्गीस रस्त्यात दिसले तर गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो.

घरात

म्हणून मी सुनंदाला बजावलं, "मंडळातल्या कुणाला कळता कामा नये. वर्गीसला कळलं तर म्हणेल, शेवटी देवानेच घंटी वाजवली."

तिने दुसऱ्या दिवशी लूकसला फोन केला. मला समजलं तेव्हा मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. हे लिहायची लाज वाटते, पण असल्या आजारात घरात काय काय घडतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. वरणाचा डाग अजून पुरता गेलेला नाही.

सुनंदाने ताट उचललं. शांतपणे म्हणाली, "तुम्ही आत टेबलावर असाल तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एकटी बसू?"

"पुण्याहून मुलगी येतेय ना!"

"ती रडेल. मला न रडणारं कुणीतरी पाहिजे." मग दारातून मागे वळून म्हणाली, "तुमचा आवाज राहील की जाईल ते देव जाणे. पण लग्न झाल्यापासून या घरात दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकलाय का तुम्ही?"

मी फडकं घेऊन भिंत पुसायला लागलो. 

तेल

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी भरती झालो. कपडे बदलून पलंगावर बसलो होतो, तेवढ्यात लूकस आला आणि त्याच्यामागे त्याच्या चर्चचे फादर. फादरनी नमस्कार केला, पिशवी टेबलावर ठेवली आणि आत हात घालून काहीतरी शोधू लागले. आधी प्रार्थनेच्या वेळी गळ्यात घालायचा जांभळा पट्टा निघाला. मग तेलाची छोटी चांदीची डबी.

आमच्याकडे लहानपणापासून एकच ऐकलेलं: कॅथलिकांचा फादर तेल घेऊन आला की डॉक्टरांनी हात टेकले. मी सुनंदाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मला तेवढंच पुरलं. सगळा हिशेब जुळला. दोन्हीसाठी सही, मुलीचं रजा टाकून येणं, डॉक्टरांचं गोड बोलणं. हे सगळे मिळून मला फसवत होते.

"किती दिवस सांगितलेत?" मी ओरडलो. "खरं सांगा! किती दिवस?"

"भाऊ, कसले दिवस?" लूकस गोंधळला.

"मला तेल लावायला आणलंस! मी मेलो नाही अजून!"

त्याच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. "ओ भाऊ, तेल मरायला नाय लावत आमच्यात, बरं व्हायला लावत्यात. माझ्या म्हातारीला तीनदा लावलंय. तिसऱ्यांदा लावलं आन् चौथ्या दिवशी नागलीच्या शेतात गेली!"

"आणि हे तुमच्यासाठी नाहीच," फादर म्हणाले. तेही घाबरले होते. "वरच्या मजल्यावर आमच्या एक बाई आहेत, त्यांच्यासाठी आहे. तुमच्यासोबत नुसती प्रार्थना करून वर जाणार होतो. मी चष्मा शोधत होतो."

"मग ही मान खाली घालून का उभी आहे?"

"तुम्ही फादरसमोर ओरडताय म्हणून," सुनंदा म्हणाली.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण दारात वर्गीस उभे दिसले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझा राग, ज्याला खाली पडायला जागा मिळत नव्हती, तो त्यांच्यावर गेला.

"घंटी आणलीय का?" मी म्हणालो.

"आणलीय," ते म्हणाले.

थट्टा नव्हती त्यांच्या तोंडावर. पण मला ती दिसली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "चालते व्हा! या खोलीत पाऊल टाकायचं नाही!" शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि नुसती हवा बाहेर आली. वर्गीसांनी पिशवीतून काहीतरी काढून सुनंदाच्या हातात दिलं आणि गेले. फादरनी तशीच, उभ्या उभ्या, छोटी प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत.

चावी

मुलगी म्हणाली, "बाबा, मोबाईलमध्ये काहीतरी बोलून ठेवा. नुसतं माझं नाव घ्या." मी नाही म्हणालो. आवाज भरून ठेवायचा म्हणजे सौदा आधीच सोडायचा, असं मला वाटलं.

सकाळी स्ट्रेचर आलं. सुनंदा बरोबर चालत होती. ऑपरेशनच्या दाराशी ती म्हणाली, "काहीतरी बोला."

रात्रभर विश्रांती मिळाल्याने थोडा आवाज परत आला होता. मी म्हणालो, "गोदामाची चावी टीव्हीच्या मागे आहे."

तिने मान हलवली. दार बंद झालं.

माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य ते. तुम्हाला ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर हे वाचून झाल्यावर आधी उठा आणि मुलांची नावं मोबाईलमध्ये बोलून ठेवा. त्याने काही हरत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. मी ऐकलं नाही.

पाटी

शुद्ध आल्यावर मी पहिलं काम केलं ते बोलायचं. ओठ हलले. हनुवटीखालून कोमट हवा गेली. मला कळलं.

डॉक्टरांनी माझा हात धरला. "काका, ठेवण्यासारखं नव्हतं. पण गाठ पूर्ण निघाली."

मला त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. पाव का नाही ठेवलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा माझ्या गैरहजेरीत झाला होता आणि आता मोडायला तोंड नव्हतं. मी रडलो. रडण्यालाही आवाज लागतो, हे तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी वॉर्डात आणलं. नाकात जेवणाची नळी, गळ्यात श्वासाची नळी. खोकला गळ्यातून येतो आणि ठरावीक वेळाने सिस्टर बारीक नळी घालून कफ ओढून काढतात. पहिल्या वेळी जीव जातोय असं वाटतं. जात नाही. दहाव्या वेळी सवय होते. सिस्टर पवार म्हणून होत्या, त्या आधी माझ्या खांद्यावर थोपटायच्या आणि "चला काका, गटार साफ" म्हणायच्या. मी त्यांची वाट बघायचो.

मुलीने शाळेची पाटी आणि पेन्सिल आणली. पाटीवर राग धरता येत नाही. रागाला वेग लागतो. सफाईच्या मावशींनी बादली माझ्या चपलांवर सांडली तेव्हा मी 'डोळे नाहीत का' एवढं लिहीपर्यंत त्या दोन खोल्या पुढे पोहोचल्या होत्या. पाटी भिंतीला दाखवून पुसून टाकली.

त्या संध्याकाळी सुनंदाने पर्समधून घंटी काढली. तीच, पितळेची. "सरांनी दिलीय. कुणाला बोलवायचं असेल तर वाजवा."

मी ती हिसकावून फेकली. कपाटावर आदळून कोपऱ्यात गेली. सुनंदाने ती उचलली, पट्टीच्या कापडाचा तुकडा घेतला आणि घंटी पलंगाच्या दांडीला गाठ मारून बांधली.

"फेका आता," म्हणाली.

सहावा दिवस, दुपार

सुनंदा आंघोळीला घरी गेली होती. मुलगी खाली औषधांच्या रांगेत. मी डोळे मिटून पडलो होतो. खोकला आला, अर्ध्यात अडकला आणि मग काहीच आत जाईना.

नळीत कफ घट्ट बसला होता. छाती वर यायची पण हवा नाही. नाक होतं, तोंड होतं, दोन्ही उघडी होती आणि दोन्हींचा उपयोग नव्हता. सिस्टरांना बोलवायचं बटण वायरसकट पलंगामागे घसरलं होतं. मी हात मागे टाकला, सापडलं नाही. दार अर्धं उघडं होतं. बाहेर कुणाची तरी पावलं गेली. मी सगळं बळ एकवटून ओरडलो. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज झाला नाही. डोळ्यांसमोर काळे ठिपके आले. हात दांडीवर आपटला आणि घंटी वाजली.

मग मी ती वाजवतच राहिलो.

धावती पावलं ऐकू आली. सिस्टर पवार, आणि त्यांच्या मागे वर्गीस. सिस्टरांनी आतली नळी उपसून काढली, दुसरी बारीक नळी घातली, मशीन सुरू केलं. काहीतरी सुटलं. हवा आत आली. तशी हवा मी त्याआधी कधी घेतली नव्हती.

"घंटी होती म्हणून बरं," सिस्टर म्हणाल्या. "मी पार त्या टोकाला होते. हे काका पळत आले बोलवायला." त्यांनी पलंगामागचं बटण काढून माझ्या उशाशी चिकटपट्टीने बसवलं.

वर्गीस भिंतीला टेकून धापा टाकत होते. एक चप्पल पायात, दुसरी पॅसेजमध्ये राहिलेली. मी पाटी ओढली.  'तुम्ही इथे कसे?'

त्यांनी वाचलं. "रोज असतो. बारा ते चार. बाहेर बाक आहे."

'मी येऊ नका म्हणालो होतो.'

"खोलीत पाऊल टाकू नका म्हणालात. पॅसेजचं काही ठरलं नव्हतं."

त्यांच्यासाठी कोरा चहा आला. त्यांचा उपवासाचा काळ होता, ईस्टरपर्यंत दूधसुद्धा बंद. त्या कोऱ्या चहावरून मी मंडळात त्यांची पुष्कळ खिल्ली उडवली होती. धाप अजून गेली नव्हती, कप उचलताना अर्धा चहा बशीत सांडला.

"ही घंटी अन्नम्माची," ते म्हणाले. अन्नम्मा म्हणजे त्यांची बायको. मंडळ सुरू व्हायच्या आधीच ती गेली होती, मी तिला पाहिलेलंही नव्हतं. "तीन वर्षं अंथरुणात होती. शेवटी बोलणं गेलं. मग हीच. पायांना सवय आहे. वाजली की डोकं विचार करायच्या आधी पाय निघतात."

मी पाटी पुसली. मग लिहिलं, 'मग मंडळात का आणली?'

"घरात नुसती पडून असायची. बघवत नव्हतं. कुठेतरी वाजू दे म्हटलं." त्यांनी बशीतला चहा कपात ओतला. "आणि तुम्ही लांबवायचा. तेही खरं."

मी पाटीवर 'आभारी आहे' लिहिलं. 'माफ केलं' असं लिहिलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दिवशी माझ्याकडे पहिलीच होती.

घरी

घरी आल्यावरच्या काही गोष्टी, ज्या मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, तो आपोआप निवेपर्यंत थांबायला शिका. वास येत नाही. गॅस चालू राहिला तर कळणार नाही, तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा. आंघोळीला तांब्या छातीच्या वर न्यायचा नाही. गळ्यावर ओलसर पातळ कापड ठेवा, धूळ आत जात नाही. आरशात पहिल्यांदा एकट्याने बघू नका.

आठवडाभराने जखम बघायला गेलो तेव्हा डॉक्टरांसमोर पाटी धरली: 'पाव राहिलं असतं का?' त्यांनी खोटं सांगितलं नाही. "नाही, काका." मी पाटी पुसली. मग शेक सुरू झाला. सहा आठवडे लूकस ड्यूटीची वेळ बदलून मला मोटारसायकलवरून नेत होता.  एकदा सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "भाऊ, हात वर केला होता त्याचं वाईट वाटतंय, पण भूकही खरंच लय लागायची." मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. चांगला जोरात.

गोदामाचा फोन सुनंदाने घेतला. ती एक किंमत सांगते आणि गप्प बसते. समोरचाच बोलून बोलून थकतो. भाव माझ्यापेक्षा चांगला येतो. हे मी अजून तिला लिहून दाखवलेलं नाही.

पाळी

ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात मी मंडळात गेलो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र तोवर मिळालं नव्हतं, शेकाने सोललेली कातडी भरेपर्यंत ते लावता येत नाही. काखेत पाटी होती, खिशात घंटी. जाताना ठरवूनच गेलो होतो: प्रार्थनेची पाळी माझ्या खुर्चीवरून तशीच पुढे गेली, तर घंटी टेबलावर ठेवायची, बाहेर पडायचं आणि परत यायचं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला लोक आधी चहा देतात, मग खुर्ची देतात आणि मग विसरतात. पाच महिन्यांत एवढं मला कळलं होतं.

आमच्याच चर्चचा हॉल होता. पोह्यांच्या पातेल्यावर झाकण. खुर्च्या गोल. समोर वर्गीस, डावीकडे लूकस. पाळी सुरू झाली. कॅथलिकांनी म्हटली, ऑर्थोडॉक्सांनी उभं राहून म्हटली. एकेक खुर्ची जवळ येत होती. लूकसने आपली संपवून क्रूसाची खूण केली.

आता माझी.

कुणी माझ्याकडे बघेना. मग आमच्याच चर्चचे एक वयस्कर गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "शमुवेलभाऊंसाठी मी करतो प्रार्थना," आणि डोळे मिटूनही घेतले. भला माणूस. माझं डोकं तापलं. हात खिशातल्या घंटीवर गेला, खुर्ची मागे सरकली.

"थांबा," वर्गीस म्हणाले. "पाळी त्यांची आहे."

"अहो सर, पण ते कसे..."

"पाळी त्यांची आहे."

गृहस्थांनी डोळे उघडले.  सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पुन्हा नीट बसलो आणि डोळे मिटले.

आधी मी सवयीप्रमाणे देवाशी घासाघीस सुरू केली. गळा घेतलास तर बदल्यात अमुक दे, तमुक दे. मग त्याला सुनावलं. मग पार्किंगवाला आठवला, भिंतीवरचं वरण आठवलं, चावी आठवली. मग सांगायचं संपलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडचं सांगायचं संपलं आणि तरी पाळी माझीच होती. हॉलमध्ये एकच आवाज होता. माझ्या गळ्याच्या भोकातून श्वास सूं सूं करत आत-बाहेर होत होता. घरात त्या आवाजाची मला लाज वाटायची. इथे चौदा माणसं मान खाली घालून तो ऐकत होती. कुणी खाकरलं नाही. कुणी खुर्ची हलवली नाही.

बराच वेळ गेला. मग मी खिशातून घंटी काढली आणि एकदा वाजवली.

"आमेन," वर्गीस म्हणाले. मग सगळे म्हणाले.

वर्गीसांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "सव्वासहा मिनिटं," ते म्हणाले. "नियम तीनचा आहे."

"आन् पोहे झाले गार," लूकस म्हणाला.

मी पाटी मांडीवर घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे त्या टोकाला बसलेल्यालाही वाचता यावं: 'घंटी माझ्याकडे होती.'